प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होत नाही, आणि दम्याचा पंप तर अजिबात बंद करू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: रोज सकाळी १५ मिनिटं जोरजोरात खोल श्वास घ्या, कपालभाती करा, रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो आणि त्यानेच मन शांत होतं. चक्कर आली, मुंग्या आल्या तर घाबरू नका, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. १ मिनिट श्वास रोखता आला म्हणजे फुफ्फुसं ठणठणीत. हे सगळं म्हणे प्राचीन ग्रंथात लिहिलंय. आणि शेवटी, दम्याचा पंप महिन्याभरात सुटतो. मी बरीच वर्षं प्राणायाम करतेय, त्याचा फायदा मी रोज बघते, म्हणूनच असं काहीबाही त्याच्या नावावर खपवलेलं मला सहन होत नाही.

१. ऑक्सिजन दुप्पट होतो. नाही होत. कोविडनंतर बऱ्याच घरात ऑक्सिमीटर पडून आहे, तो बोटाला लावून बघा. निरोगी माणसाचा आकडा आधीच ९५ ते १०० च्या मधे असतो, ९८ चं दुप्पट काय होणार? रक्तात जागाच नाहीये. आपण हवा आत घेतो तेव्हा तिच्यात साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्यात अजून १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो, म्हणजे आरामात बसलेल्या शरीराला जेवढा हवाय तेवढाच ते घेतं, बाकीचा परत जातो. आणि हे मोजायचं काम काही परदेशातच झालंय असं नाही, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं तेच मुळी योगाचे दावे प्रयोगशाळेत तपासायचे म्हणून, प्राणायामात ऑक्सिजन किती घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो याची मोजमापं तिथे झालेली आहेत. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे ही शिस्त होती, आणि आज आपण न तपासता फॉरवर्ड करतोय.

२. चक्कर, मुंग्या म्हणजे विषारी द्रव्यं बाहेर पडणं. हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. भराभर आणि खोल श्वास घेतला की ऑक्सिजन वाढत नाही पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्त थोडं अल्कलाइन होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आमच्या सकाळच्या बॅचमधे एका काकूंना हेच झालं होतं, मेसेज वाचून घरून दणादण श्वास घेत आल्या, पायरीवर बसल्या तेव्हा दोन्ही हातांची बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली, सरळ होईनात, आणि चेहरा पांढराफटक. त्यांना वाटलं हार्ट अटॅकच आला. शांतपणे हळूहळू श्वास घ्यायला लावला तेव्हा बोटं मोकळी झाली. चक्कर आली की थांबायचं, एवढंच खरं आहे. ज्यांना पॅनिक अटॅक येतात त्यांनी तर जोरजोरातला प्रकार करूच नये, ते मन शांत करायला बसतात आणि धडधड वाढवून उठतात.

३. मन शांत होतं. हे खरंय, पण कारण चुकीचं सांगितलंय. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात, मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास सोडलात तर बऱ्याच जणांना हे कळतंसुद्धा. हे व्हेगस नावाच्या नसेचं काम. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर निवांत होतं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे एक छोटा अभ्यास आला होता, २३ माणसं, त्यांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे ओम'. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. म्हणजे गुण आहे तो सावकाशपणाचा, जोराचा नाही. ओंकार, भ्रामरी यात आवाज लांबवायचा म्हणजे उच्छ्वास लांबतोच, वेगळं काही करावं लागत नाही.

४. श्वास रोखण्याची टेस्ट. कोविडमधे १० सेकंदांची होती, आता १ मिनिटाची झाली. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, त्यामुळे ही टेस्ट फुफ्फुसांचं आरोग्य सांगत नाही. आधी भराभर श्वास घेऊन मग रोखला तर जास्त वेळ रोखता येतो, आणि याच नादात पाण्याखाली पोहणारी माणसं बेशुद्ध होऊन बुडतात.

५. प्राचीन ग्रंथात लिहिलंय. ग्रंथात काय लिहिलंय ते तरी बघा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात नाहीच, ती षट्कर्मात आहे, नेती-धौतीच्या रांगेत, कफ काढायची शुद्धिक्रिया म्हणून. आणि प्राणायामाबद्दल तिथे स्पष्ट म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणवायू, 'अन्यथा हन्ति साधकम्', म्हणजे नाहीतर तो साधकालाच मारतो. पहिल्या दिवशीच १५ मिनिटं जोर लावा हे कुठून आलं? ब्लडप्रेशर, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, फिट्स असतील किंवा गरोदर असाल तर कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

६. पंप सुटतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि रोजचा पंप ती सूज ताब्यात ठेवतो. तो बंद केला की लगेच काही होत नाही, म्हणूनच माणूस फसतो, आठवडे बरे जातात, मग थंडीत किंवा धुळीत एकदम अटॅक येतो. योगाने दम्याला काहीच फायदा नाही असं मी म्हणत नाहीये, कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या आढाव्यात १५ अभ्यास आणि हजारावर रुग्ण बघितले गेले, लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा दिसली. थोडी, आणि औषधाच्या जोडीला म्हणून, औषधाऐवजी नाही. पंप कमी करायचा का हे तपासून डॉक्टर ठरवतील.

करायचंच असेल तर पाठ ताठ ठेवून बसा, नाकाने ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर, ५ मिनिटं, कुठेही जोर नाही, दमल्यासारखं वाटलं तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. दमेकऱ्यांनी पंप हाताशी ठेवूनच बसायचं. आणि तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांना हात जोडून विनंती, बाकी काही नाही तरी निदान पंपाबद्दलची ओळ चुकीची आहे हे त्याच ग्रुपवर आज लिहा, तिथे कोणाच्या तरी घरात दम्याचं लहान मूल असणार.