वाटणी चिघळवण्याचे घरगुती उपाय

घरातलं मोठं माणूस गेलं की मागे जमीन उरते आणि भाऊ उरतात. जमीन बिचारी गप्प पडून असते, त्यामुळे जे काही करायचं ते भावांनाच करावं लागतं. ते नीट जमावं, निदान नातवंडांपर्यंत पुरावं, म्हणून हे चार शब्द. पदरचे नाहीत, अनुभवाचे आहेत. माझा थोरला मामा नुकताच गेला आणि आजोळी, सोलापूर जिल्ह्यात, जाऊन मी ते ताजे करून आणले आहेत.

खरी सुरुवात माणूस जिवंत असतानाच करायची असते. म्हणजे काहीही करायचं नसतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, ही माहिती घरात फिरू देऊ नका. तरी कुणी विषय काढलाच तर ‘बापाच्या मरणावर टपलाय’ एवढंच म्हणा. तो पुन्हा तोंड उघडत नाही. हयातीतच सगळ्यांच्या संमतीने तहसीलदाराकडून जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, असं एखादा शिकलेला जावई सांगू लागला तर त्याला चहा द्या आणि पावसाचं विचारा.

मग माणूस जातं. वारस तीन महिन्यांत कळवायचे असतात, नोंदीला फी नाही, हल्ली अर्जही घरबसल्या सरकारच्या ई-हक्क पोर्टलवरून होतो. इतकं सोपं काम माणसाने का करावं? आमचे आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर थोरल्या मामाचं नाव लागलं ते ‘ए.कु.मॅ.’ म्हणून. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढे चुली तीन झाल्या, एक मामा पुण्याला गेला, तिथे रिक्षा घेतली, त्याच्या मुलींची लग्नं झाली, पण मॅनेजर शेवटपर्यंत मॅनेजरच राहिला. माझी आई आणि दोन मावश्या सातबाऱ्यावर नाहीत असं मात्र समजू नका. आहेत. ‘इतर हक्क’ नावाच्या रकान्यात आहेत, वर सोसायटीचा बोजा, खाली विहिरीतला हिस्सा, मध्ये तिघी बहिणी. तो रकाना ज्याने शोधला त्याला माझा नमस्कार. मुलीला काढताही येत नाही आणि मालकही म्हणवत नाही, अशा वेळी फार उपयोगी पडतो.

दहावा वाया घालवू नका. सगळे भाऊबंद नदीवर आयते जमलेले असतात. तलाठी भाऊसाहेबही येऊन जातात (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, कुणी म्हणत नाही). आमच्याकडे पिंडाला कावळा शिवेना. धाकट्या मामाने हात जोडून सांगितलं, “दादा, तुझ्या पोरास्नी अंतर देणार न्हाई.” कावळा ढिम्म. मामेभाऊ म्हणाला, “अण्णा, हिरीची पाळी ठरल्यापरमाणं चालू ठिवतो.” कावळा उठून लांबच्या बाभळीवर जाऊन बसला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “वरच्या पट्टीचं बोला की.” त्यावर कुणीच बोललं नाही. ऊन वाढायला लागलं तसा शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दर्भाच्या कावळ्याला वरच्या पट्टीतलं काही कळत नाही, ही मोठी सोय आहे.

प्रत्यक्ष वाटणीत एक तत्त्व सोडू नका: प्रत्येक गटात प्रत्येकाला हिस्सा. एकाने ओढ्याकाठची घ्यावी, दुसऱ्याने रस्त्याकडची, तिसऱ्याने माळाची थोडी जास्त घ्यावी, असला व्यवहार भावाभावांत शोभत नाही. तीन गट, तीन भाऊ, म्हणजे नऊ पट्ट्या. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. तेवढ्या रुंदीच्या पट्टीत ट्रॅक्टर वळवायचा तर चाक भावाच्या ज्वारीत जातं, आणि गेलंच पाहिजे, त्याशिवाय पुढची मजा नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे, याखाली तुकडा पाडू नये असं सरकार म्हणतं. आपण कागदावर पाडत नाही. आपण जागेवर दगड लावून पाडतो.

बांध दरवर्षी एकच वीत कोरायचा.

विहीर सामाईक ठेवा, मोटर सामाईक ठेवा आणि वीजबिल मेलेल्याच्या नावावर राहू द्या. थकबाकी कुणाची हा प्रश्न मग कायमचा सुटतो, कारण ज्याच्या नावावर आहे तो भरायला येत नाही.

मोजणी आणायची ती एकाने आणि हरकत घ्यायची ती दुसऱ्याने. भूमी अभिलेखचा माणूस खुणा दाखवून गेला की रात्री दगड उपटायचा मान तिसऱ्याचा. तरीही गोडीने काही मिटण्याची भीती वाटली तर कोर्ट आहेच. वाटपाचा दावा घाला. त्याची खासियत बऱ्याच जणांना माहीत नसते. वर्षानुवर्षांनी हुकूमनामा झाला तरी शेतसाऱ्याच्या जमिनीची वाटणी कोर्ट स्वतः करत नाही, ती कलेक्टरकडे जाते. कलेक्टरकडून तहसीलला, तहसीलकडून भूमी अभिलेखला. म्हणजे ज्या टेबलावरून पहिल्या दिवशी उठून आलात, त्याच टेबलावर तुमची मुलं जाऊन बसतात. तोवर ज्याच्या हातात वहिवाट तो खातो, बाकीचे तारखेला जाताना डबा नेतात.

आता बहिणी. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे कसब लागतं.

बहिणीला वर्षभर फोन करायचा नाही. तिचा गुडघा बदलला तेव्हा नाही, तिचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा नाही. मग एके दिवशी करायचा. आमच्याकडे तो मामाच्या तेराव्याच्या आदल्या रात्री आला. “आत्या, दोन दिस राहायच्या तयारीनं ये. आणि आधार कार्ड घिऊन ये.” तेराव्याच्या जेवणाला आधार कार्ड कशाला, हे आईने विचारलं नाही. माहेरचं बोलावणं आलं की ती काही विचारत नाही. पिशवीत कार्ड टाकलं, भावाच्या नातवाला लाडू टाकले, आणि निघाली.

साडी आधी द्यायची, कागद नंतर. क्रम चुकवू नका. जेवणं झाली, तिघी बहिणींच्या ओट्या भरल्या, मामी गळ्यात पडून रडली, ती खरंच रडली, त्यात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप. “आत्या, काय न्हाई, सातबारा साफ करायचाय, नुसती सही हाय.” सातबारा साफ करायचा! म्हणजे माझी आई त्याच्यावरचा डाग. जीपमध्ये तिघी मागे, तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत झेरॉक्सवाल्याकडे कागद तयारच होता. हक्कसोडपत्र. वडिलार्जित जमिनीवरचा हक्क जवळच्या नात्यात सोडायला पाचशे रुपयांचा मुद्रांक पुरतो. वडापावाची पार्टी त्याहून महाग पडली असेल, तीही त्यांनीच दिली.

मी तिथे होते म्हणून कागद हातात घेतला. त्यात लिहिलं होतं की लिहून देणार यांच्या लग्नात व त्यानंतर वेळोवेळी भरपूर दिल्याने त्यांना आता काही मागणे नाही. भरपूर! आईचं लग्न १९७२ च्या दुष्काळानंतर लगेच झालं. त्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडत होती आणि दुपारी मिळालेली सुकडी पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणत होती. त्याच भावासाठी, जो जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. ज्या विहिरीच्या पाण्यावर आज डाळिंब उभं आहे तिचा गाळ आणि मुरूम त्या वर्षी तिने डोक्यावर वाहिलाय. लग्नात पितळेची पाच भांडी मिळाली. त्यातला हंडा अजून आमच्याकडे आहे, हवा तर तोही साफ करून देतो.

मी म्हटलं, आई, वाचून घे. तर मामेभाऊ हसून म्हणाला, “ताई, तू पुण्याची, तुला सगळ्यात कायदाच दिसतो.” दिसतो बाबा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा आहे, म्हणजे आईच्या जन्माच्या सुमाराला मिळालेला हक्क आहे. २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सेदार झाली. बाप २००५ च्या आधीच वारला होता, ही पळवाट होती, तीही विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला बुजवली. हे तुला माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणूनच जीप आणलीस. हक्क नसता तर सोडून घ्यायला कशाला आला असतास?

पुढे काय झालं ते ऐका. मशीनवर आईचा अंगठा उमटेना. ज्वारी काढून, खुरपून, भांडी घासून त्या अंगठ्यावर रेघाच राहिलेल्या नाहीत. ऑपरेटर म्हणाला, पदराने पुसा. पुसला. पाणी लावा. लावलं. दहाही बोटं झाली. मामेभाऊ तिचा हात धरून काचेवर दाबत होता, सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात, आणि म्हणत होता, “आत्या, जरा जोर लाव की.” ती लावत होती. अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती, जणू तिच्या बोटांमुळे भावाच्या घरचं काम अडलंय. शेवटी एक बोट लागलं आणि त्याच क्षणी सर्व्हर डाऊन झाला. आजवर या सर्व्हरला मी पुष्कळ शिव्या दिल्यात, त्या सगळ्या परत घेते. तीन वाजेपर्यंत बसलो, मग खिडकी बंद झाली.

येताना जीप नव्हती. एसटी स्टँडवर सोडलं.

वाटेत आई म्हणाली, “मला कुठं जमीन पायजेल? पण आजवर एकानं तरी इचारलं का?” 

तिला हिस्सा नको असेल. नको असण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, ती आनंदाने देईलही. मावशीला मात्र हवाय, तिचा मुलगा घरी बसून आहे, पण ती बोलत नाही, कारण बोलली तर पुढच्या भाऊबीजेला दार उघडेल का याची तिला खात्री नाही. हे तुम्ही पक्कं ओळखून असता. माहेर म्हणजे बहिणीच्या गळ्यातली दोरी, आणि तिचं दुसरं टोक कायम तुमच्या हातात. हक्क मागितला तर माहेर तुटलं. सोडला तर माहेर शाबूत, म्हणजे वर्षातून एक साडी आणि एसटी स्टँडवर सोडणं.

आणि रस्त्याच्या मोजणीचे दगड गावाबाहेर रोवलेत, हे आईला कुणी सांगितलं? वरची पट्टी रस्त्यात जाणार, तिचा मोबदला येणार, तो सातबाऱ्यावर ज्यांची नावं त्यांना मिळणार. एवढ्या वर्षांनी एकाएकी सातबारा साफ करायची हौस का आली, ते मला पानाच्या टपरीवर कळलं. बहिणीला घरात बसवून नीट सांगायची लाज वाटली? ‘आक्का, पैसे येणार आहेत, तुझा इतका वाटा बसतो, तुझं काय म्हणणं आहे?’ एवढं एक वाक्य होतं. बोलायला अर्धं मिनिट. त्याऐवजी मेलेल्या बापाच्या तेराव्याचं निमंत्रण वापरलंत. तुमच्या आईच्या रडण्याचा उपयोग करून घेतलात. मामा असते तर त्यांनीच तुम्हाला दोन ठेवून दिल्या असत्या, आणि नसत्या दिल्या तर त्यांनाही हेच ऐकवलं असतं, कारण तो इतर हक्काचा रकाना त्यांच्याच काळातला.

धाकट्या मामा, तुम्हीही ऐका. तुम्ही पुढच्या सीटवर बसून काचेतून बाहेर बघत होता. तुमचं स्वतःचं नाव अजून सातबाऱ्यावर नाही. आज बहिणींच्या बोटांवर जोर लावतायत, उद्या तुमच्या लावतील, तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला तिघीजणी कागदावर असायला हव्यात की नकोत?

काल मामेभावाचा पुन्हा फोन आला होता. सर्व्हर चालू झालाय, सोमवारी या म्हणे, गाडी पाठवतो. दादा, गाडी पाठवू नकोस. कागद पाठव. सोबत तिन्ही गटांचे सातबारे आणि फेरफार पाठव, मोबदल्याची नोटीस निघाली असेल तर तीही. मावश्यांना आम्ही आमच्याकडे बोलावलंय, तिघी बसून वाचतील, समजलं नाही तिथे वकिलाला विचारतील, मग काय द्यायचं, काय ठेवायचं ते तिघी सांगतील. आणि यापुढे या कामाचा फोन आईला करायचा नाही, मला करायचा. तिला फोन करायचा असेल तर गुडघा कसा आहे ते विचारायला कर.