‘गनपावडर कट’ वॉकवरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. लंडनमधल्या आमच्या मराठी ‘गनपावडर कट’ वॉकला आपण सहकुटुंब आलात आणि मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. 1605मध्ये काही कॅथलिकांनी इंग्लंडची संसद राजासकट बंदुकीच्या दारूने उडवायचा कट रचला होता, त्याचीच गोष्ट हा वॉक सांगतो. आपल्या तक्रारी दोन: तळघर दाखवलं नाही, आणि कटातलं सगळ्यात गाजलेलं नाव असलेल्या गाय फॉक्सला मागे सारून मी कटवाल्यांची कड घेतली.

तळघर आज कोणीच दाखवू शकणार नाही. बंदुकीच्या दारूची 36 पिंपं जिथे लपवली होती, ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहाखालचं (हाउस ऑफ लॉर्ड्स), तळमजल्यावरचं भाड्याचं कोठार होतं. ती इमारत 1834मध्ये संसदेला लागलेल्या आगीच्याही आधी पाडली गेली. बुकिंग करतानाच आम्ही हे कळवतो. दुसरंच एखादं दगडी भुयार दाखवून ‘हेच ते’ म्हणणं मला जमणार नाही.

फॉक्स पकडला गेला म्हणून नाव त्याचं झालं. कट रॉबर्ट केट्सबीचा होता. फॉक्स स्पेनच्या सैन्यात लढलेला, दारूगोळ्याचा जाणकार, म्हणून कोठारावर त्याला ठेवलं. ‘संसदेला जाऊ नका’ असं बजावणारं निनावी पत्र लॉर्ड मॉन्टीगल या कॅथलिक सरदाराच्या हाती पडलं आणि सरकार सावध झालं. 4 नोव्हेंबर 1605च्या पहिल्या झडतीत फॉक्स लाकूडफाट्याच्या ढिगाजवळ दिसलाही होता. सरपण आपले मालक थॉमस पर्सी (कटातलेच एक) यांचं आहे असं सांगून त्याने निभावलं. मध्यरात्रीच्या झडतीत पिंपं निघाली. हे सगळं मी संसदेलगतच्या ओल्ड पॅलेस यार्ड या चौकातच थांबून सांगते, कारण 31 जानेवारी 1606ला फॉक्सला देहदंड दिला तो तिथेच.

राहिली कड घेण्याची गोष्ट. राजा जेम्स, मंत्री, खासदार यांना एका स्फोटात उडवायचं, ही कत्तलच होती आणि मी त्याच शब्दांत ते सांगितलं. पण सरकारी चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकांना महिना 20 पौंड दंड होता, परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री सापडला तर देहदंड. हे गाळलं तर ती 13 माणसं या थराला का गेली, हे मुलांना कळणार कसं? कट फसल्यावर 1606मध्ये कायदे आणखी कडक झाले. त्याची झळ कटाशी काडीचा संबंध नसलेल्या घरांना लागली, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगावंसं वाटतं.

अपेक्षाभंग झाला असेल तर पैसे जरूर परत करेन. वॉकमधली ही माहिती मात्र गाळणार नाही.

आपला मुलगा कंदिलाबद्दल विचारत होता. फॉक्सचा म्हणून जपलेला कंदील ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. प्रवेश मोफत आहे, त्याला नक्की घेऊन जा.