घरबसल्या अमेरिकन नर्सिंगची डिग्री? तो फॉरवर्ड आधी थांबवा

परवा नाइट शिफ्ट संपवून गाडीत बसले तर मिरजेहून मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज. "अगं आता तुझं ते नर्सिंग घरबसल्या होतंय, एजंट दोन लाख म्हणतोय, २० तारखेपर्यंत सीट धरून ठेवलीय, पोरीचं भरून टाकू ना?" आणि खाली तो फॉरवर्ड, जो याआधी मला इथल्या मंडळाच्या ग्रुपवरही तीनदा आलाय. त्यात लिहिलंय की अमेरिकेत असोसिएट डिग्री इन नर्सिंगला (बॅचलरच्या खालची कॉलेजची डिग्री) बारावी सायन्स लागत नाही, प्रवेश परीक्षा नाही, फक्त २ वर्षं, सगळं ऑनलाइन कारण "क्लिनिकलची अट काढली" (क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलात पेशंटपाशी करायचं ट्रेनिंग), आणि पास झालं की लगेच एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड.

मी हीच डिग्री कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजातून केलीय, एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या एच-वन-बीवर मिळणारा) असताना, पोरगा केजीत होता तेव्हा. त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं, आणि आता सविस्तरच लिहिते.

बारावी सायन्सचं म्हणाल तर हो, ते अर्धं खरं आहे. इथे हायस्कूल पास असलं की पुरतं, शाखा कोणी विचारत नाही. मी स्वतः कॉमर्सची. पण याचा अर्थ सायन्स टळलं असा नाही, ते सगळं अर्ज करायच्या आधी त्याच कॉलेजात करावं लागतं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, तिन्ही लॅबसकट, वर इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, काही ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. आणि नुसतं पास होऊन भागत नाही, बी किंवा ए नसेल तर अर्ज मागे पडतो. बऱ्याच कॉलेजांत ५ ते ७ वर्षांपूर्वीचे सायन्सचे मार्क धरतही नाहीत. हे प्रीरिक्विझिट, म्हणजे अर्जाआधीचे विषय, करण्यात माझं दीड वर्ष गेलं, आणि फॉरवर्डमधली "२ वर्षं" त्यानंतर सुरू होतात. वेटिंग लिस्ट असेल तर आणखी.

प्रवेश परीक्षा नाही म्हणे. बहुतेक कॉलेजं टीज नाहीतर हेसी नावाची प्रवेश परीक्षा मागतात. टीजमध्ये १७० प्रश्न, वाचन, गणित, सायन्स आणि इंग्लिश. पुढे.

आता ते क्लिनिकलचं, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. कोविडच्या काळात काही राज्यांनी क्लिनिकलचे काही तास सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर किंवा कॉम्प्युटरवर, करायला सूट दिली होती, बहुतेक तिथूनच कोणीतरी हे उचललंय. अट काढलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाचा नियम सरळ आहे: किमान ५८ सेमिस्टर युनिट (म्हणजे क्रेडिट), त्यातली ३६ नर्सिंगची, आणि त्या ३६ मधली १८ क्लिनिकलची. निम्मं नर्सिंग पेशंटच्या कॉटपाशी शिकायचं असतं. मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आजार, म्हातारी माणसं, प्रत्येकाचं वेगळं. पहाटे साडेसहाला युनिफॉर्म घालून वॉर्डात हजर, शेजारी इन्स्ट्रक्टर, आणि तिच्यादेखत औषध तीनदा ताडून बघितल्याशिवाय गोळीसुद्धा हातात द्यायची नाही. त्याच्याही आधी पोलिस रेकॉर्डची तपासणी, ड्रग टेस्ट, हिपॅटायटिस बी पासून कांजिण्यांपर्यंतच्या लशी, टीबीची टेस्ट, सीपीआरचं कार्ड.

दुसऱ्या सेमिस्टरला माझ्याकडे पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, मॉर्फिनवर. शांत झोपलेल्या, चेहरा समाधानी, मला वाटलं बरं झालं, दुखणं थांबलं. इन्स्ट्रक्टर म्हणाली, श्वास मोज. पूर्ण मिनिटभर मोजले तर ८. साधारण १२ ते २० हवेत. तिने मला बाजूला केलं, त्यांना हलवून उठवलं, नर्सला बोलावलं, पुढची धावपळ मी भिंतीला टेकून बघितली. मॉर्फिनने श्वास मंदावतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, त्यावर परीक्षेत मार्कही मिळवले होते, तरी समोर बघून मला कळलं नव्हतं. ही गोष्ट ऑनलाइन कशी शिकवणार, मला कोणीतरी सांगा. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहणाऱ्या माणसांनी तरी यावर विश्वास ठेवू नये.

आणि पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट मिळतं का, तर हो, मिळायचं. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन न्याय खात्याने फ्लोरिडातलं प्रकरण बाहेर काढलं, तीन नर्सिंग स्कूलमधून ७,६०० च्या वर खोटे डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट विकलेले, २५ जणांवर गुन्हे. ज्यांनी ते कागद विकत घेऊन लायसन्स मिळवलं त्यांच्यामागे वेगवेगळ्या राज्यांची बोर्डं लागली. घरबसल्या डिग्री म्हणून पोरीच्या नावावर असला कागद यायला नको.

शिवाय एक साधी गोष्ट, जी एजंट सांगणार नाही. सगळं ऑनलाइन असेल तर स्टुडंट व्हिसाच मिळत नाही. त्या व्हिसावर, म्हणजे एफ-वनवर, फुल टाइम कोर्समध्ये प्रत्येक सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय धरता येतो. काही कॉलेजं तर नर्सिंगला एफ-वनवाले घेतच नाहीत.

एच-वन-बीचंही तसंच. त्या व्हिसाला किमान बॅचलर डिग्री लागणारं काम हवं, आणि आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायला असोसिएट डिग्री पुरते, म्हणून नर्सच्या साध्या जागेला तो सहसा मिळत नाही. ग्रीन कार्डला नर्सना एक सवलत आहे खरी, मालकाला इथे आधी स्थानिक माणूस शोधून दाखवावा लागत नाही, पण भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्या पुढची आहे. "लगेच" कुठून आलं?

एक मात्र मान्य करते. ही डिग्री कमी दर्जाची नाही. लायसन्ससाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा बीएस्सीवाल्यांना आणि आम्हाला एकच, ८५ ते १५० प्रश्न, ५ तास. न्यूयॉर्कसारखं राज्य लायसन्सनंतर १० वर्षांत बॅचलर करायला लावतं, पण सुरुवात इथून होऊ शकते. आणि भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींना तर ही डिग्री परत करायची गरजही नसते, कागदपत्रांची तपासणी करून थेट एनक्लेक्सला बसता येतं.

ताईला एवढंच सांगितलंय, एजंटकडून कॉलेजचं पूर्ण नाव आणि राज्य लेखी माग, त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते, तिथे मी स्वतः शोधते. काल तिने विचारलं. त्याने नाव दिलं नाही, म्हणाला आधी टोकन भरा.