वळवाचा अंदाज सांगताना गाव सांगा, वेळ सांगा

वैशाख लागला की आपल्यासारख्या हवामानाचा नाद असलेल्या मंडळींच्या गप्पांना ऊत येतो. कुणी पाऱ्याचा फोटो टाकतं, कुणी विंडी या हवामान ॲपचा नकाशा, कुणी उगवतीकडे चढलेला ढग. आणि खाली हमखास कुणीतरी विचारतंच, "काय म्हणता, आज पडणार का?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. पण आपण त्याला जी उत्तरं देतो, त्याबद्दल बरेच दिवस मनात साचलंय. आज लिहून टाकते. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी पाऱ्याचं. गाडीच्या डॅशबोर्डवर 46 दिसलं म्हणून "पुणे 46!" असं टाकू नका. तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या गाडीभोवतीच्या हवेचा तो आकडा आहे. अधिकृत तापमान सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत मोजलेलं असतं. पुणेकरांना तर हे सांगायलाच नको. 1928 साली वेधशाळेचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव कायमचं चिकटलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी रोजच्या नोंदी सुरूच आहेत. शिवाजीनगर, लोहगाव आणि कोरेगाव पार्क यांच्या कमाल तापमानात एकाच दिवशी दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. म्हणून आकडा टाकताना केंद्राचं नाव टाका. नावाशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे 'उष्णतेची लाट'. उकडायला लागलं की आपण हा शब्द वापरून मोकळे होतो. हवामान विभागाचे निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश हवं, किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30, आणि शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. मैदानात थेट 45 गाठलं तर सरासरी न बघताही लाट धरतात. आता मुंबईचा विचार करा. पारा 35 वर असतो, हवेत ओल ठासून भरलेली, घाम वाळायचं नाव नाही, रात्रीही पंख्याखाली जीव कासावीस. कागदोपत्री ही लाट नाही. तिथे विभाग 'उष्ण व दमट' असा वेगळा इशारा देतो आणि लोक तो "लाट नाही ना, मग ठीक आहे" म्हणून सोडून देतात. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका कार्यक्रमासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. विदर्भात ज्याला रोजचं ऊन म्हणतील, तेवढाच पारा किनाऱ्यावर जीवघेणा ठरतो, कारण घाम वाळला नाही तर शरीर थंड कसं होणार? नुसत्या पाऱ्यावर बोलणं आपण थांबवायला हवं. त्याच्या शेजारी आर्द्रता लिहायची सवय लावून घेऊया.

आता मूळ मुद्दा. "आज फारच उकडतंय, संध्याकाळी नक्की पडणार." आपल्या आजीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे हे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहेच. पण उकाड्याइतकीच बाकीची जुळणीही लागते.

वैशाखात महाराष्ट्रावर दोन तऱ्हेचे वारे समोरासमोर येतात. वायव्येकडून राजस्थान, मध्य प्रदेशातून येणारी कोरडी, भाजकी हवा, आणि बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा. जिथे दोन्ही भेटतात तिथे विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटक, तमिळनाडूकडे उतरणारी एक रेघ तयार होते. हवामानाच्या अंदाजात तिला वाऱ्याची खंडितता म्हणतात. रोज संध्याकाळी पाऊस कुठे पडेल हे शोधायचं असेल, तर आधी ही रेघ आज कुठे आहे ते बघा. ती मराठवाड्यावर असेल तर पुण्यात कितीही घाम आला तरी वळीव बीड-लातूरकडे कोसळेल. ती पश्चिमेला सरकली, दुपारनंतर घाट चढून समुद्राची ओल आत आली, की चारच्या सुमारास पूर्वेला ढगांचे बुरूज उभे राहतात.

एवढं होऊनही पाऊस हुकतो. वर दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा थर बसलेला असला, तर तो भांड्यावरच्या झाकणासारखं काम करतो. खालची हवा वर जायला बघते आणि तिथेच अडते. ढग फुलतात, पसरट होतात आणि सूर्यास्तासोबत विरून जातात. हा थर विंडीच्या रंगीत नकाशावर सहजासहजी दिसत नाही. मुंबई, नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हवामान फुगे सोडतात, त्यांच्या आलेखात तो दिसतो. आलेख वाचायला चार दिवस लागतात, पण ज्यांना खरंच नाद आहे त्यांनी तो शिकावाच. झाकण पातळ आहे की जाड, हे कळलं की निम्मा अंदाज तिथेच होतो. आणि झाकण जाड असूनही एखाद्या दिवशी ते फुटलं, तर त्या दिवशीचा वळीव आडदांड असतो, कारण दिवसभर कोंडलेली ताकद एकदम सुटते. गारा बहुतेकदा अशाच दिवशी पडतात.

आता अंदाजाची भाषा. "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" हे वाक्य आपण किती वेळा वाचतो! त्यातलं 'तुरळक' सैल बोलणं नाही, त्याला ठरलेला अर्थ आहे. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यात पाऊस अपेक्षित. म्हणजे शंभरातली पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त केंद्रं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबर ठरतो. हे समजून न घेता आपण "पुणे जिल्ह्यात आज पाऊस!!" असं मोठ्या अक्षरांत टाकतो. वाचणाऱ्याला वाटतं आपल्या दारात येणार. नाही आला की वेधशाळेला शिव्या. वेधशाळेने जे म्हटलंच नव्हतं, त्याच्या शिव्या ती खाते.

आणि वाचणारा नुसता हौशी नसतो, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. लासलगावकडे माझा मावसभाऊ उन्हाळ कांदा करतो. वैशाखात कांदा काढून शेतातच ढीग लावलेला असतो, वरून त्याचीच वाळलेली पात अंथरलेली. मान सुकली पाहिजे, तोंड मिटलं पाहिजे, मगच तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, भरता येतो. भिजलेला कांदा चाळीत गेला तर महिन्याभरात वास सुटतो आणि शेजारचाही धरतो. मागे मी तिकडे असताना आभाळ भरून आलं. मी फोनवर रडार उघडून त्याला सांगत होते की शक्यता आहे, ढग सिन्नरच्या बाजूला आहेत वगैरे. तो म्हणाला, "ताई, मोघम नको सांगू. पाचच्या आत येतो का रात्री, तेवढं सांग. कागद एकच आहे आणि माणसं दोन." ताडपत्रीला तो कागद म्हणतो. त्याला दोन ढिगांतला एक निवडायचा होता. मी रडारच्या मागच्या तासाभराच्या प्रतिमा एकामागून एक लावून बघितल्या, ढग ईशान्येकडे सरकत होते, तसं त्याला सांगितलं आणि सोबत हेही सांगितलं की ढगाच्या बाजूला नवा ढग फुटू शकतो. त्याने ओढ्याकडचा ढीग झाकला. त्या दिवशी नुसता वारा सुटला, चार थेंब पडले. पण तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. अंदाज वाचून कुणीतरी मजूर बोलावतो, कुणी परत पाठवतो. कोकणात कुणी देवगडचा हापूस आठवडाभर आधी उतरवायचा का ते ठरवतो. आपल्या एका उत्साही पोस्टवर एखाद्याची दोन दिवसांची मजुरी ठरते.

वारा आणि वीज तर पावसाहूनही आधी सांगायला हवी. 13 मे 2024 च्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं, त्या हंगामातला पहिलाच वळीव, आणि घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. त्या दिवशी "अहाहा, धुळीचं वादळ!" असे व्हिडिओ आधी फिरले. ढग कोसळतो तेव्हा वरची थंड हवा दाणकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. पाऊस अजून काही किलोमीटर लांब असतानाच हा वारा पोचतो. तेव्हा झाडाखाली आडोसा घेऊ नका. विजेसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आपल्या 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडतेय का ते सांगतं. फुकट आहे, मराठीत आहे. गावाकडच्या प्रत्येकाच्या फोनवर ते स्वतः बसवून द्या, हे आपलं कामच समजा.

2025 चा मे विसरता येणार नाही. 24 मेला मान्सून केरळात आणि त्याच दिवशी रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान कमी दाबाचं तीव्र क्षेत्र किनारा ओलांडून आत आलं. 26 मेला मान्सून मुंबईत. एरवीची तारीख 11 जून, आणि याआधीची सर्वांत लवकरची नोंद 29 मे. कुलाब्याचा मे महिन्यातला 1918 चा 279.4 मिलिमीटरचा विक्रम मोडला. आपल्यातले बरेच जण अगदी हरखून गेले होते, मीही. पण त्यानंतर मान्सून जवळजवळ अडीच आठवडे जागचा हलला नाही. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग तेव्हा सांगत होता, आणि "मान्सून आला, लागा कामाला" अशा पोस्ट जोरात फिरत होत्या. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरायचं नाही, हा साधा नियम त्या पोस्टमध्ये कुणी लिहीत नव्हतं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी पुन्हा एकदा, हे ज्याच्या घरात घडतं त्यालाच ठाऊक.

अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत ऐकायला माणसं लांबून येतात. पाऊस कसा होईल म्हणून पंचांगात मृग नक्षत्राचं वाहन बघणारे आमच्याही घरात आहेत. त्या परंपरेचा मला आदर आहे, ती सगळ्या गावाला एकत्र बसवते. मात्र आज चार वाजता ढीग झाकायचा की नाही, याचं उत्तर रडारच देतं.

तर या आठवड्यात, तुमच्याकडे वळीव आला, की एवढं लिहा: गाव आणि तालुका, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, वारा कुठून आला, गारा पडल्या का आणि पडल्या तर बोराएवढ्या की लिंबाएवढ्या. पर्जन्यमापक असेल तर मिलिमीटर. आणि नाही आला तरी लिहा, "भरून आलं होतं, पडला नाही" असं. कोरड्या गावांच्या नोंदी कुणीच ठेवत नाही, आणि तुरळकचा हिशेब त्यांच्याशिवाय लागत नाही. खाली कमेंटमध्ये टाकलंत तर मी तालुक्यांप्रमाणे तक्ता करून ठेवते, जूनमध्ये सगळ्यांना बघायला देईन.