ट्रेलरला लागलेली घरघर

ढोल-ताशा पथकाच्या ट्रेलरचं बेअरिंग जाऊ नये. तसं कुणाच्याच ट्रेलरचं जाऊ नये, पण बाकीच्यांना निदान ते ऐकू तरी येतं. आमच्यात सराव सुरू झाला की अनंत चतुर्दशीपर्यंत कुणालाच काही ऐकू येत नाही. ढोल ट्रेलरवर चढवायचे, ट्रेलर जीपला जोडायचा आणि घरी जाताना कानात जे काही वाजतंय ते मघाचंच आहे असं समजून चालायचं. त्यामुळे डाव्या चाकातली घरघर बरेच दिवस आम्ही सरावाच्याच खात्यात जमा करत होतो.

ती पकडली एका ताशेवाल्या मुलीने. “काका, हे लयीत नाहीये. आणि उजवीकडे वळलं की वाढतंय.” उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे तिचं निदान अगदी बरोबर होतं. आमच्या पथकप्रमुखांचं म्हणणं मात्र असं पडलं, की टायरमध्ये हवा कमी आहे. ट्रकला आग लागली तरी त्यांचं पहिलं मत हवा कमी आहे हेच असेल.

ट्रेलर जॅकवर घेतला. चाक वरून आणि खालून धरून हलवलं, तर ते डुलत होतं. चाकाने डुलायचं नसतं, फिरायचं असतं. याबद्दल पथकात एकमत झालं आणि त्यानंतर कशावरच झालं नाही.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. आमचा सराव नदीपात्रात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे अख्ख्या पुण्याला पाठ आहे. पण त्याच पाण्याला आमच्या ट्रेलरचे हबही, म्हणजे बेअरिंग बसवलेले चाकांचे मधले भागही, लागतात, हे आमच्यापैकी कुणी मनावर घेतलं नव्हतं. ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारं ऑइल सील झिजलेलं असलं की पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ होतं आणि रोलरना गंज धरतो. त्यात ट्रेलर वर्षातले दोन-तीन महिने चालतो आणि उरलेलं वर्ष एका जागी उभा. बेअरिंग चालून झिजतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण उभं राहूनही मरतं. रोलर जिथे टेकलेले असतात तिथलं ग्रीस दाबलं जाऊन बाजूला सरतं आणि नेमक्या त्या रेषांवर गंज चढतो. अण्णांनी हब उघडून कपाच्या, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या, आतून माझं नख फिरवलं. नख ठरावीक अंतरावर अडकत होतं. अण्णा आमच्या गल्लीतले. आयुष्य पिंपरीत लेथवर गेलं, आता निवृत्त आहेत आणि बिघडलेल्या वस्तूंची वाट बघत असतात.

खजिनदारांनी विचारलं, “वाजतंय एक, मग चार कशाला बदलायची?” एका चाकात आतलं आणि बाहेरचं अशी दोन बेअरिंगं असतात, चारही सारखंच पाणी प्यालीत, आणि रोलरचा कोन, म्हणजे रोलर बसवलेलं आतलं कडं, नवा घेऊन जुन्या खराब कपात बसवला तर नवाही लवकरच जातो, हे अण्णांनी शांतपणे सांगितलं. खजिनदारांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “दोन चालतील का?”

मग मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असेल तर नाना पेठ. तिथे मिळणार नाही असं काही नसतं, फक्त आपल्याला काय हवंय ते सांगता आलं पाहिजे. पहिल्याच काउंटरवर प्रश्न आला, “गाडी कोणती?”

“ट्रेलर.”

“कोणता?”

“आमचा.”

एवढ्यावर त्यांनी माझ्याकडे पाहणं थांबवलं. पण त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या ट्रेलरला कंपनी नाही, मॉडेल नाही, साल नाही. त्याचा एक्सल कुणीतरी फार पूर्वी जुन्या बाजारातून आणला होता आणि वरचा सांगाडा ओळखीच्या वेल्डरने बांधला होता. पुढच्या दुकानात मारुतीचं बेअरिंग काढून दाखवलं, त्याच्या पुढच्यात रिक्षाचं. एकाने ६२०५ नंबरचं छऱ्यांचं बेअरिंग ठेवलं. “हे घेऊन जा साहेब, पिठाच्या गिरणीला हेच जातं.” जात असेल. पण गिरणी लक्ष्मी रोडवरून अलका चौकात वळत नाही. चाकावर वरून वजन येतं तसं वळताना बाजूनेही रेटा येतो, आणि दोन्ही एकदम सोसायला तिरके, निमुळते रोलर लागतात. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने अमेरिकेत १८९८ साली अशा टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट घेतलं. कारण हेच, वळणावर गाडीचं बेअरिंग दगा द्यायचं. त्यांच्या घोड्यांना आणि आमच्या ढोलांना एकच उपाय.

टेपरमध्ये ३०२०५ सगळ्यांकडे होतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे पंचवीस. मी खिशातून अण्णांचा कागद काढला. त्यांनी एक्सल व्हर्नियरने मोजून लिहून दिलं होतं: २५.४. पूर्ण एक इंच. एक्सल इंचातला आणि बेअरिंग मिलिमीटरमधलं, मध्ये ०.४ मिलिमीटरचा फरक.

“पॉइंट चारच तर आहे,” दुकानदार म्हणाले. “एक्सलला पॉलिश पेपर मारा, बसेल.”

मी अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अण्णा म्हणाले, “चप्पल लहान पडली म्हणून टाच तासतात का?” शिवाय ३०२०५ बाहेरून ५२ मिलिमीटर, आमच्या हबचं भोक ५०.२९. म्हणजे एक्सल तासायचा, मग हबही वाढवायचा, आणि पुढच्या पिढीतल्या कुणीतरी मूळ मापाचं बेअरिंग आणलं की आमच्या नावाने खडे फोडायचे.

त्या मापाच्या कोनाचा नंबर एल ४४६४३, कपाचा एल ४४६१०. हे अण्णांच्या कागदावर तळाशी लिहिलेलं होतं. पण मी गाडीचं नाव सांगण्याच्या नादात होतो आणि दुकानदार ते विचारण्याच्या. नंबर म्हटल्याबरोबर त्यांचा चेहराच बदलला. “अहो, मग आधी सांगायचं ना!” एकाकडे निम्म्या किमतीत मिळत होतं, फक्त खोक्यावरच्या कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मी पुढे सरकलो. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना असलेल्या शहरात मी चार बेअरिंगांसाठी दुपारभर वणवण करतोय, हा विचार मनात आला, पण चहा घेतल्यावर गेला.

बसवणं त्यामानाने सुखाचं. जुने कप आतून पंच लावून ठोकून काढले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, तिरके होऊ न देता. नवे कप बसवताना आमच्या पथकाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो, घट्ट होतो. अण्णा आता कानाने कमी ऐकतात. ती ताशेवाली शेजारी उभी राहून सांगत होती, “अजून नाही... अजून नाही... हां, लागला!” एकदाही चुकली नाही.

ग्रीस भरणं हा प्रकार पोरांना भलताच आवडला. तळहातावर चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस घ्यायचं आणि कोनाची रुंद कड त्यात दाबत राहायचं, पलीकडून बाहेर येईपर्यंत. वरवर फासलेलं ग्रीस ग्रीस नव्हे. एकाने घरून दुसरंच उरलेलं ग्रीस आणलं होतं, अण्णांनी ते परत पाठवलं. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

खरी बाचाबाची झाली ती एक्सलच्या टोकाच्या नटवर. प्रमुखांच्या मते नट जितका आवळाल तितकं चाक सुरक्षित. अण्णांनी चाक फिरवत नट आवळला, रोलर जागेवर बसू दिले, मग चक्क सैल केला आणि नुसत्या बोटांनी परत टेकवला. प्रमुख हादरले. “अण्णा, चाक निघेल!” अण्णांनी नवी स्प्लिट पिन घातली, टोकं वळवली आणि म्हणाले, “नट निघू नये म्हणून ही असते. नट आवळून ठेवलात तर बेअरिंग तापून जळेल.” प्रमुखांनी तरीही टायरची हवा तपासून घेतली.

रिकामा ट्रेलर म्हात्रे पुलापर्यंत नेऊन आणला आणि प्रत्येकाने हबला हात लावून पाहिला. कोमट होता. चटका बसला असता तर सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं. आवाज? जीपच्या इंजिनाखेरीज काहीच नाही. ताशेवालीने मान डोलावली तेव्हा आम्ही खात्री मानली.

राहता राहिलं बिल. चार बेअरिंग, दोन ऑइल सील, ग्रीस, स्प्लिट पिना. पथकाच्या हिशेबवहीत ढोलाची पानं, दोऱ्या, टिपरू, झेंडे, नाश्ता असे रकाने आहेत, चाकाचा नाही. खजिनदारांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि शेवटी ती रक्कम वाद्यदुरुस्तीत टाकली. वार्षिक सभेत कुणी विचारलंच, तर वाजत होतं हे सांगायला साक्षीदार आहेत.