उंदीर खोटा का दिसतो : एका लोकप्रिय मताचा प्रतिवाद

उंदरांवर बेतलेल्या स्वस्तातल्या भयपटांविषयी प्रेक्षकांमध्ये एक ठरावीक मत प्रचलित आहे आणि ते इतक्यांदा पुढे पाठवले गेले आहे की आता त्याला सिद्धांताचा मान मिळू लागला आहे. त्याचा आशय असा : उंदीर हा मुळात घाबरवणारा प्राणी नाही, त्याला भयंकर करायचे तर भरपूर पैसा लागतो, तो नसल्यामुळे पडद्यावरचे उंदीर खोटे दिसतात, खरे उंदीर तसे वागतही नाहीत, अभिनयही सुमार असतो, आणि मिळालेले गुण व प्रेक्षकांचा हशा पाहता निकाल लागलेलाच आहे. यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच एकत्रितपणे ती पटतात. एकेक विधान वेगळे काढून तपासले, तर मात्र पैशावर टाकलेला दोष तेथे टिकत नाही.

उंदराची भीती वाटत नाही, हे पहिले विधान. 1971 सालच्या ‘विलर्ड’मध्ये कचेरीत अपमान सोसणारा एक एकाकी तरुण उंदीर पाळतो आणि त्यांच्याकरवी सूड घेतो. त्यात राक्षसी आकाराचा एकही प्राणी नाही, शिकवून तयार केलेले खरे उंदीर आहेत. तरीही तो इतका चालला की पुढच्याच वर्षी ‘बेन’ हा त्याचा उत्तरभाग आला. 1983 सालच्या ‘ऑफ अननोन ओरिजिन’मध्ये तर एक माणूस, त्याचे घर आणि त्या घरात शिरलेला एक उंदीर एवढ्याच भांडवलावर गोष्ट उभी राहते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला सतत काही ना काही कुरतडावे लागते. रात्री दिवे मालवल्यावर भिंतीच्या आत चाललेला तो आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला या प्राण्याच्या वजनामापाशी काहीही देणेघेणे नसते.

दुसरे आणि तिसरे विधान, म्हणजे पैसा आणि खोटेपणा, यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण सगळा घोळ तेथेच आहे. 1982 सालच्या ‘डेडली आइज’मधील महाकाय उंदीर म्हणजे उंदराचा पोशाख चढवलेले डॅशहुंड जातीचे कुत्रे होते. हे उदाहरण पैशाच्या टंचाईचा पुरावा म्हणून नेहमी दिले जाते. पण उंदीर कुत्र्याएवढा करण्याची सक्ती कोणी केली होती? खरा उंदीर हा चित्रपटासाठी सहज मिळणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. त्याला मोठा करण्याचा निर्णय घेतला की खर्च वाढतो, आणि तो झेपला नाही की कुत्र्याची चाल पोशाखातून डोकावते. 1976 सालच्या ‘द फूड ऑफ द गॉड्स’मध्ये याच्या उलट युक्ती केली गेली : खरेच उंदीर घेतले, पण ते घरांच्या आणि गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर सोडले. येथे प्राणी अस्सल असूनही डोळा फसत नाही, कारण लहान प्राण्याच्या हालचाली झपाट्याच्या असतात आणि अवाढव्य प्राण्याचे पाऊल सावकाश पडावे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणूनच असे चित्रण अधिक वेगाने करून पडद्यावर संथ दाखवावे लागते, आणि तरीही मिशा, केस व पाण्याचे थेंब खरे माप सांगून टाकतात. (संगणकावर तयार केलेल्या स्वस्त उंदरांची तऱ्हा याहून वेगळी नाही, त्यांची सावली जमिनीला नीट चिकटत नाही, म्हणून ते फरशीवरून तरंगत गेल्यासारखे दिसतात.)

पैशानेच प्रश्न सुटला असता, तर 2003 साली मोठ्या खर्चाने, प्रशिक्षित उंदीर, यांत्रिक बाहुल्या आणि संगणकीय दृश्ये वापरून केलेला नवा ‘विलर्ड’ तिकीटबारीवर आपला खर्च तरी वसूल करू शकला असता. तसे झाले नाही. उलट 1942 सालच्या ‘कॅट पीपल’मध्ये दीड लाख डॉलरपेक्षाही कमी खर्चात पोहण्याच्या तलावाभोवती केवळ सावल्या आणि गुरगुर यांवर अख्खा प्रसंग तोलून धरला आहे. मार्जारकुळातील श्वापदाला जे साधते ते उंदराला का साधू नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

खरे उंदीर माणसावर झुंडीने तुटून पडत नाहीत, ही तक्रार मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. उंदीर अनोळखी वस्तूलाही बिचकतो. नवे खाद्य किंवा नवा सापळा तो अनेकदा दिवसचे दिवस टाळतो. त्यामुळे पात्रावर झेप घेणारा उंदीर चौकटीबाहेरून कोणीतरी फेकलेला असतो आणि अंगावर पडल्यावर हल्ला करायचे सोडून निवांत तोंड पुसत बसतो. परंतु यावरून उंदरांची गोष्टच खोटी, असा निष्कर्ष निघत नाही. उंदीर चावतो तो बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला, हाताला किंवा चेहऱ्याला. लहान मुले त्याला अधिक बळी पडतात. हे वास्तव त्या बनावट झेपेपेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारे आहे, आणि अंधारी खोली, एक पाळणा व कुरतडण्याचा आवाज यांसाठी फारसा खर्चही येत नाही.

अभिनय सुमार असतो, हे पुष्कळदा खरेच असते. त्यावर वाद नाही.

उरले गुण आणि हशा. दोन प्रेक्षकांनी चार-चार गुण दिले किंवा एकाने एक आणि दुसऱ्याने सात दिले, तरी सरासरी चारच येते. पहिल्या जोडीला चित्रपट कंटाळवाणा वाटला आहे, दुसऱ्या जोडीत कोणाला तरी तो मनापासून आवडला आहे. अशा चित्रपटांना गंमत म्हणून एक किंवा दहा गुण देणारेही असतातच, तेव्हा सरासरीवरून निकाल काढणे धोक्याचे आहे. हशाची गोष्ट निराळी : तो प्रामाणिक असतो, पण तो विशिष्ट दृश्याला आलेला असतो. ‘डेडली आइज’ पाहताना मीही हसलो, आणि ते जेव्हा जेव्हा प्राणी नखशिखान्त दिसत धावत आले तेव्हाच. जवळून दाखवलेल्या बाहुल्यांची नुसती तोंडे अंधारातून पुढे आली, तेव्हा मी पाय खुर्चीवर घेतले होते.