काप

आमच्या वाड्यावर ब्लेडनं दाढी करणारा मी शेवटचा पुरुष उरलोय. बाकीच्यांपैकी कुणी ट्रिमर घेतला, कुणी सरळ दाढीच राखली. माझ्या डोक्यावर राखण्यासारखं काही शिल्लक नाही, त्यामुळे सगळी हौस हनुवटीवर भागवतो. म्हणूनच जुलैतल्या त्या रविवारी तोंडाला फेस फासून कपाटात हात घातला आणि पुडी रिकामी निघाली, तेव्हा पहिला संशय चोरावर गेला. चोर फक्त ब्लेडंच कशाला नेईल, हा प्रश्न तोंडाला फेस असताना सुचत नाही.

"बाबा, ब्लेडं माझ्याकडे आहेत," बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या बैठकीतून, कन्येचा आवाज आला. "सेक्शन कापतेय."

तसाच बाहेर गेलो. माझ्या बसायच्या बाकावर, म्हणजे निवृत्तीनंतर जिथं माझा साचा उमटलाय त्या जागेवर, एका सीनियरकडून आणलेला मायक्रोस्कोप मांडला होता. बाजूला काचपट्ट्या, लाल पाण्याची बाटली, पाचसहा बटाटे आणि रात्रीच्या वाऱ्यात मोडून पडलेली आमच्या आंब्याची फांदी. फांदीवर बांडगूळ.

"बांडगूळ नाही, सीतेची वेणी," कन्या म्हणाली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बॉटनी घेऊन. "ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. ऑर्किड. मॅडमनी सांगितलंय, उभ्या झाडावरून ओरबाडायचं नाही, पडलेल्या फांदीवरचंच आणायचं."

मी गप्प राहिलो. गेल्या वर्षी नारळ पाडायला आलेल्या पाडेलीला मी याच 'बांडगुळा'वर चढवणार होतो. त्याला दुसऱ्या घरची घाई होती, म्हणून सीतेची वेणी वाचली. दर पावसाळ्याच्या तोंडाला हिचा गुलाबी-पांढरा घोस खाली लोंबतो, तो पाहूनसुद्धा माझं मत बदललं नव्हतं. फुकट राहतो तो बांडगूळ, एवढं साधं शास्त्र. हेच शास्त्र निवृत्तीनंतर बायकोनं मला लावलं होतं, ते वेगळं.

"पण ही आंब्याचं काही घेत नाही," कन्या म्हणाली. "फक्त टेकते. मुळं सालीला धरून असतात, आत घुसत नाहीत. बांडगुळाचं मूळ आंब्याच्या जलवाहिनीपर्यंत घुसतं."

"मोठ्यानं सांग," मी म्हणालो. "स्वयंपाकघरात ऐकू जाऊ दे."

तर प्रश्न होता तो या टेकणाऱ्या मुळाचा आडवा काप घेण्याचा. काप म्हटल्यावर गोंयच्या माणसाला काय आठवणार? सुरणाचे, नीरफणसाचे, मीठ-मिरची-हळद लावून रव्यात घोळवलेले. इथं मात्र काप असा हवा, की त्यातून उजेड आरपार जावा. पेशींचा एकच थर. कन्येनं सकाळपासून चाळीसेक काढले होते आणि सगळे तळण्याच्या जाडीचे होते.

आता, मी बँकेत कॅशवर आयुष्य काढलंय. दोन नोटा चिकटून आल्या तर माझ्या बोटाला डोळ्याआधी कळायचं. पातळपणा या विषयात मला कुणी शिकवू नये. "आण इकडे," मी म्हणालो.

पद्धत अशी. बटाट्याच्या तुकड्याला मधोमध चीर द्यायची, चिरेत मुळाचा तुकडा उभा अडकवायचा, म्हणजे तो हलत नाही. बटाटा आणि ब्लेड दोन्ही ओलं ठेवायचं. मग ब्लेड आपल्याकडे ओढत, एका दमात, करवतीसारखं पुढंमागं न करता, सरसर काप काढत जायचं. निघालेले काप पाण्यात सोडायचे आणि त्यातला सर्वांत पातळ ब्रशनं उचलायचा. ऐकायला काही नाही. पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि ब्लेडची स्वतःचीच जाडी शंभर मायक्रॉन. त्या ब्लेडनं ब्लेडपेक्षा पातळ काप काढायचा. दुधीनं विळी चिरण्यातला प्रकार.

पहिला काप बटाट्याचाच निघाला. दुसऱ्यात मूळ आलं, पण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब, दाराखाली लावायच्या पाचरीसारखं. तिसऱ्याला बटाटा फुटला. दहाव्यापर्यंत माझ्या तोंडावरचा फेस वाळून पापुद्रा झाला होता आणि मी श्वास रोखून कापत होतो.

शाळेत आम्ही कांद्याची साल बघितली होती. कांदा दयाळू. नखानं ओढलं की पापुद्रा मुळातच एका थराचा येतो, विटांच्या भिंतीसारख्या पेशी, प्रत्येकीत एक ठिपका. आपल्याला वाटतं, आपण पेशी बघितली. खरं तर आपल्याला ती कांद्यानं दाखवलेली असते. 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा काप भिंगाखाली धरून 'सेल' हा शब्द दिला, तेव्हा त्यानं त्यासाठी वस्तऱ्यासारखा धारदार चाकू वापरला होता. हे कन्येनं सांगितल्यावर मला त्या माणसाबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. त्याच्याही घरी कुणीतरी त्याला विचारलं असेल, की वस्तू जागच्या जागी का राहत नाहीत.

शेवटी एक काप त्यातल्या त्यात बरा म्हणून काचेवर गेला. लाल पाणी म्हणजे सॅफ्रनिन, ते घातलं. कडक भिंतीच्या पेशी त्यानं लाल होतात. माझी बोटंही झाली. लग्नातल्या मुंडावळ्यांनंतर मी इतका सजलो नव्हतो. वर कव्हर स्लिप ठेवली आणि वीज गेली. अर्थात गेली. पाऊस आणि वीज आमच्याकडे एकत्र नांदत नाहीत.

"आरसा आहे याला," कन्या म्हणाली. मायक्रोस्कोपच्या पायाशी एक छोटा गोल आरसा असतो, तो आभाळाकडे वळवून उजेड वर पाठवायचा. जुलैतलं आमच्या गावचं, म्हार्दोळचं आभाळ म्हणजे ओलं घोंगडं. तरी वळवला. डोळा लावला. एकदम मोठ्या काळ्या काठ्या हलायला लागल्या.

"दिसलं! तंतू दिसले!"

"तुझ्या पापण्या आहेत त्या."

मग एक सुरेख गोल दिसला. काळी जाड किनार, आत लख्ख. मी त्याला पेशी म्हणून जाहीर केलं. तो हवेचा बुडबुडा निघाला. हेही ठीक. पण मी पट्टी उजवीकडे सरकवली तर चित्र डावीकडे जायचं, वर ढकलली तर खाली. या घरात माझ्या सांगण्याचं असंच होतं, म्हणून मला फार वेळ ते यंत्राचं वैशिष्ट्य वाटलंच नाही. चारशे पटीचं भिंग खाली आणताना 'कट्' असा बारीक आवाज आला. कन्येनं डोळे मिटले. कव्हर स्लिप फार पातळ असते. मला एवढं पातळ कापता येत नव्हतं, फोडता मात्र लगेच आलं.

दुसरी स्लिप घातल्यावर कन्येनं स्वतः भिंग जमवलं आणि मला म्हणाली, "आता बघ, हात न लावता."

आणि दिसलं. खरंच दिसलं. पाचरीसारख्या त्या कापाच्या पातळ कडेला बाहेरून आत जाणारी एक जाळी. अनेक थरांची, रिकाम्या कोठ्यांची, भिंतींवर बारीक पट्ट्या पट्ट्या. हे वेलामेन, मुळाचं बाहेरचं आवरण. या सगळ्या पेशी मेलेल्या असतात, आत फक्त हवा. म्हणून कोरड्या दिवसांत ही मुळं रुपेरी पांढरी दिसतात. पाऊस लागला की त्याच मेलेल्या कोठ्या टिपकागदासारखं पाणी पितात, मूळ पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर दिसायला लागतो. फांदीवरचं ओलं मूळ हिरवं आणि बाल्कांवात आणून ठेवलेलं पांढरं का, ते आत्ता कळलं. वेलामेनच्या आत आणखी एक थर, त्यातल्या काही मोजक्या पेशी पाण्याला आत सोडतात. आमच्या जुन्या शाखेतल्या शिपायासारख्या. सगळ्यांना दार नाही. त्याच्याही आत हिरव्या ठिपक्यांच्या जिवंत पेशी.

"मुळात हरितलवकं?" मी विचारलं. एवढा एक शब्द मला येतो.

"मूळ उजेडात लोंबतं ना, मग तेही अन्न करतं. आणि अशी बरीच ऑर्किडं पानांची रंध्रं दिवसा बंद ठेवतात, पाणी उडू नये म्हणून. रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात, आम्ल करून ठेवतात आणि दिवसा वापरतात."

"रात्री तोंड उघडणारा आणखी एक आहे घरात," आतून बायको म्हणाली. "फ्रिजपाशी."

ही आम्लाची गोष्ट एका माणसानं चावून शोधली म्हणे. बेंजामिन हाइन भारतात होता, त्यानं पानफुटीचं पान सकाळी खाल्लं तर आंबट आणि दिवस चढल्यावर खाल्लं तर बेचव. 1815 मध्ये ते छापूनही आलं. आमच्या तुळशीपाशी पानफुटी आहे. मी जाऊन एक पान चावलं. अकरा वाजले होते आणि पाऊस होता, निकाल संदिग्ध. तोंडावरच्या वाळलेल्या साबणाची चव मात्र निश्चित लागली.

मला आता चढली होती. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राउननं ऑर्किडच्याच पेशी बघताना केंद्रकाला ते नाव दिलं, तेही एकाच भिंगाच्या मायक्रोस्कोपमधून, असं कन्या सांगत होती आणि मी पुढचा काप घेत होतो. आणि तो आला. पातळ, तलम, पाण्यावर तरंगणारा. इतका अलगद सुटला की हाताला कळलंसुद्धा नाही. सॅफ्रनिन, स्लिप, आरसा.

"बघ!" मी म्हणालो. "थरावर थर, सपाट, आत केंद्रक नाही, हिरवं काही नाही. सगळ्या मेलेल्या पेशी. नुसतं वेलामेन! तुझ्या मॅडमना एवढं स्वच्छ वेलामेन कुणी दिलं नसेल."

कन्येनं बराच वेळ बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"बाबा, याला पेशीभित्तिका नाहीत. हा तू आहेस."

माझ्या अंगठ्याच्या टोकाला कातडीचा एक गोल टवका नव्हता. रक्तसुद्धा नाही, इतका वरचा थर. त्या दिवसातला सर्वांत पातळ काप. तिनं तो जर्नलमध्ये काढायला नकार दिला, हे मला अजून पटलेलं नाही.

कन्येच्या यादीत अजून अळूचा देठ होता. तो मऊ, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, बटाट्याशिवाय कापला गेला. आत सुयांच्या जुड्या दिसल्या, आगपेटीत काड्या रचाव्यात तशा. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. म्हणजे माझ्या आईपासून सगळ्या बायका अळूत आंबाडे नाहीतर सोलं घालतात ते या सुयांच्या धाकानं. घशाला खाज येते असं मी तक्रार केली की आजवर 'नाटकं' असं उत्तर मिळायचं. मी बायकोला बोलावून पुरावा दाखवला. ती पदराला हात पुसत वाकली, बघितलं, म्हणाली, "एवढ्या आहेत? मग दोन आंबाडे जास्त टाकते," आणि सरळ होताना तिची नजर बाकावर गेली. पाच बटाट्यांचे काही शे तुकडे, त्यातले अर्धे लाल.

"हे कुणी केलं?"

लाल झालेले खायचे नव्हते, उरलेल्यांची भाजी व्हायची नाही, आणि बाजारात कोण जाणार, असं सगळं ओघानं आलं. शेवटचा शब्द बांडगूळ होता.

पण आज माझ्याकडे शास्त्र होतं. "बांडगूळ नाही," मी म्हणालो, "ऑर्किड. मी फक्त टेकून असतो. कुणाच्या आत मूळ घालत नाही. विचार तिला."

"बाबा, ऑर्किड स्वतःचं अन्न स्वतः करतं," कन्या जर्नलमधून मान वर न काढता म्हणाली. "मुळंसुद्धा कामाला लावतं."

"बरं, मग बांडगूळ तर बांडगूळ."

"बांडगूळही हिरवं असतं. पाणी आणि क्षार तेवढे चोरतं, बाकी स्वयंपाक त्याचा तोच."

बायको थांबली. तिला विषयात रस निर्माण झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मग अजिबात काही न करणारं कोण असतं गं?"

"अमरवेल. पिवळी दोरी असते नुसती. जमिनीत मूळ नाही, पान नाही."

"पान नाही?" बायको म्हणाली आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिली.